अणुभट्टी म्हणजे झोपलेला अणुबॉम्ब?

‘अणुवीज केंद्र म्हणजे झोपलेला अणुबॉम्ब. फुकुशिमात तो फुटला. मनोऱ्यांतून किरणोत्सारी धूर रोजच निघतो. घरात आयोडीनच्या गोळ्या ठेवा, वाचाल.’ हा मजकूर सगळीकडे फिरतो आहे.

आधी बॉम्बचं बघू. नैसर्गिक युरेनियममध्ये युरेनियम-२३५ (सहज फुटणारा प्रकार) असतं जेमतेम ०.७ टक्का. बहुतेक वीजभट्ट्यांच्या इंधनात ते ३ ते ५ टक्के असतं, बॉम्बसाठी ९०च्या आसपास लागतं. या इंधनाचा हिरोशिमासारखा स्फोट होऊच शकत नाही.

पाणी थंड करणाऱ्या मनोऱ्यांतला ‘धूर’ म्हणजे पाण्याची वाफ. कंडेन्सरच्या (टर्बाइनमधून आलेल्या वाफेचं पुन्हा पाणी करणाऱ्या यंत्राच्या) नळ्यांमधून फिरणारं हे पाणी वेगळं असतं, ते इंधनाला शिवतही नाही. कोळशाच्या केंद्रांतही असेच मनोरे असतात.

जपानमधल्या फुकुशिमात ११ मार्च २०११ला भूकंप होताच अणूंचं फुटणं रोखणाऱ्या नियंत्रक कांड्या आत गेल्या आणि चालू भट्ट्यांतलं विखंडन (अणू फुटण्याची साखळी) थांबलं. घात झाला तो त्यानंतर. विखंडनातून उरलेली द्रव्यं उष्णता देतच राहतात: बंद होताक्षणी पूर्ण शक्तीच्या ६-७ टक्के, दिवसानंतर अर्ध्या टक्क्याच्या आसपास. ३,००० मेगावॉट औष्णिक क्षमतेच्या भट्टीत हा अर्धा टक्काही १५ मेगावॉट भरतो. पाणी फिरतं ठेवलं नाही तर ते उकळून आटतं. त्सुनामीने डिझेल जनरेटर बुडवले, पंप थांबले, इंधन उघडं पडलं. इंधनावरच्या, तापलेल्या झिर्कोनियम धातूच्या वेष्टनाची वाफेशी अभिक्रिया होऊन हायड्रोजन सुटला, इमारतींत साठला आणि पेटला. स्फोट रासायनिक होता. पण किरणोत्सर्ग बाहेर पडलाच. त्यामुळे ‘भट्टी बंद केली की धोका संपला’ हे अणुवीज समर्थकांचं पालुपदही तितकंच खोटं.

तेव्हाच्या सोव्हिएत संघातल्या चेर्नोबिलची गोष्ट निराळी. २६ एप्रिल १९८६ला तिथे विखंडनच हाताबाहेर गेलं. पाण्याची वाफ झाली की शक्ती वाढावी अशीच त्या भट्टीची रचना होती. त्यात कांड्यांची टोकं विखंडन वाढवणाऱ्या ग्राफाइटची, म्हणजे आणीबाणीचं बटण दाबल्यावर शक्ती आधी उसळली! तरीही तो अणुबॉम्ब नव्हता, आणि भट्टीभोवती भक्कम बंदिस्त कवचही नव्हतं.

राहिल्या गोळ्या. पोटॅशियम आयोडाइड (प्रौढांना १३० मिलिग्रॅम) फक्त थायरॉइडला, आणि तेही किरणोत्सारी आयोडीनपासूनच वाचवतं. सीझियमसारख्या दुसऱ्या किरणोत्सारी द्रव्यापुढे त्याचा उपयोग शून्य. गोळी घ्यायची ती प्रशासनाने सांगितल्यावर, सांगितलेल्या वेळीच. जखमेवर लावायचं आयोडीन पिणं तर घातकच. चेर्नोबिलनंतर मुलांच्या थायरॉइडमध्ये आयोडीन-१३१ गेलं ते मुख्यतः दुधातून. त्याचं अर्धायुष्य (निम्मं उरायला लागणारा काळ) ८ दिवसांचं. म्हणून अशा वेळी बाधित भागातलं ताजं दूध मुलांना देणं लगेच थांबवायचं.