मिक्सरला सगळं पचतं

स्मूदी पिणाऱ्या माणसाचं एक ठरलेलं चित्र असतं: नुकताच व्यायाम झालाय, चेहऱ्यावर तेज आहे आणि हातात हिरवागार ग्लास. माझी स्मूदी भिंतीला लावायच्या प्रायमरसारखी दिसते. चवही साधारण त्याच वळणाची असावी. प्रायमर मी अजून प्यायले नाही.

मला क्रोन्स हा आतड्याचा आजार आहे. १९३२ साली अमेरिकेतल्या तीन डॉक्टरांनी या दुखण्यावर शोधनिबंध लिहिला. नावं वर्णानुक्रमे छापली, म्हणून क्रोन यांचं नाव आजाराला चिकटलं; गिन्झबर्ग आणि ओपनहायमर सुटले. यात आपलीच प्रतिकारशक्ती आपल्या आतड्यावर उलटते, आणि तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही तळ ठोकू शकते. अल्सरेटिव्ह कोलायटिस या त्याच्या भावंड-आजारवाल्यांचं भांडण निदान मोठ्या आतड्यापुरतं असतं.

अशा माणसाला लोक पोटतिडकीने रेसिपी पाठवतात. प्रत्येकीत पालक, सालासकट सफरचंद, मूठभर बेरी, चिया आणि जवस. माझ्या आतड्याचा एक तुकडा वारंवार सुजून आता अरुंद झालाय. तिथे साल, बी, चोथा अडकू शकतो, म्हणून या सगळ्या मंडळींना डॉक्टरांनी प्रवेशबंदी केली आहे. मामींना हे पटत नाही.

"अगं, मिक्सरमधून काढल्यावर उरतंय काय?"

सगळं उरतं, मामी. पातं चोथ्याचे तुकडे करतं, त्याला नाहीसं करत नाही. बेरीच्या बिया तर एवढं फिरवूनही दातांखाली कचकचतात. मग गाळणी आली, चमच्याने घासणं आलं, आणि मिक्सर धुवायचा तो वेगळाच.

उरलं केळं आणि ओट्स. यांतले विरघळणारे तंतू पाण्यात बुळबुळीत होतात आणि माझ्या पोटाला झेपतात. पण केळ्यातही गोम आहे. कच्चं असेल तर त्यातला स्टार्च सहज पचत नाही. फार पिकलं तर फ्रुक्टान नावाची, सहज न पचणारी कर्बोदकं वाढतात आणि पोट फुगतं. त्यामुळे रोज सकाळी मी केळ्यावरचे ठिपके न्याहाळत उभी असते. दूध लॅक्टोजमुक्त. प्रोटीन पावडरच्या डब्यावर 'साखर नाही' असं ठळक लिहिलेलं दिसलं की भिंग काढायचं, कारण मागच्या बारीक अक्षरांत साखरेऐवजी घातलेला सॉर्बिटॉल किंवा माल्टिटॉल दबा धरून बसलेला असतो. हे आतड्यात पाणी ओढून आणतात. पुढचं सांगत नाही.

इतकं करून काल चाललेली स्मूदी आज चालेलच असं नाही. आजार उसळला की केळंही परकं होतं. डॉक्टर स्पष्ट सांगतात: स्मूदीने पोषण मिळेल, सूज औषधानेच उतरेल. एकदा मात्र त्यांनी सांगितलं की क्रोन्स झालेल्या मुलांना सहा ते आठ आठवडे फक्त द्रव आहारावर ठेवतात आणि तो खरोखरचा उपचार असतो. हे मामींच्या कानावर जायला नको होतं. "बघ, नुसतं पातळ पिऊन बरं होतं!" अहो, तो मोजूनमापून तयार केलेला, देखरेखीखाली द्यायचा वैद्यकीय आहार आहे. त्यात जवस नसतात.

आमच्या तपासण्यांत ब्रिस्टल तक्ता नावाचं एक प्रकरण असतं. शौचाचे सात प्रकार, चित्रांसह. चौथा म्हणजे आदर्श, सातवा म्हणजे निव्वळ पाणी. माझी स्मूदी ग्लासातच सातव्या प्रकारात मोडते, त्यामुळे ती बाहेर येताना किती क्रमांक वर चढली यावर तिचं यश ठरतं. परवा ती चक्क चौथ्यावर पोचली. असली बातमी पोटात ठेवणं कठीण. सांगायची तरी कुणाला? मामींना फोन केला.

त्या मनापासून खूश झाल्या.

"झालं तर मग," म्हणाल्या, "उद्यापासून चमचाभर चिया घाल."