'साधं गणित आहे' म्हणणाऱ्या वाचकास

रंगरूप बघून लोकांची झडती घेण्याच्या विरोधात मी लेख लिहिला, त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. सुरुवात 'ताई, जरा शांतपणे विचार करा' आणि शेवट 'अमेरिका एवढी खुपते तर परत या'. शांतपणाची ही तऱ्हा मला नवीन आहे. ताई म्हणून मग खडसावायचं, हेही नवीन.

एक चूक मात्र मान्य. न्यूयॉर्क पोलिसांच्या 'स्टॉप अँड फ्रिस्क'वरचा, म्हणजे रस्त्यात अडवून अंग चाचपण्याच्या पद्धतीवरचा न्यायालयाचा निकाल २०१२ चा नाही, २०१३ चा. लेखात दुरुस्ती केली आहे, आभार.

आता तुमचं ते वाक्य: 'ज्यांच्यासारख्या दिसणाऱ्यांकडून धोका, त्यांचीच झडती घ्यावी, गोऱ्या आजीबाईंची पर्स उचकटण्यात काय हशील? साधं गणित आहे.'

गणित तुम्हीच काढलंत, तर करूनच टाकू. त्याच निकालात न्यायाधीश शिरा शाइंडलिन यांनी आकडे मांडले आहेत. जानेवारी २००४ ते जून २०१२ या काळात पोलिसांनी ४४ लाख वेळा लोकांना रस्त्यात अडवलं. त्यात ८३ टक्के वेळा समोरचा माणूस कृष्णवर्णीय किंवा हिस्पॅनिक (लॅटिन अमेरिकी वंशाचा) होता. कृष्णवर्णीयाला अडवल्यावर शस्त्र मिळालं १ टक्का वेळा. गोऱ्याला अडवल्यावर? १.४ टक्के. कारण उघड आहे: गोऱ्याला अडवायला पोलिसाला काहीतरी दिसावं लागत होतं, दुसऱ्याच्या बाबतीत कातडीच पुरत होती.

'रस्त्याचं सोडा, विमानतळाचं बोला' म्हणाल. बोलते. अमेरिकन संसदेच्या लेखापरीक्षकांनी २००० साली कस्टम्सच्या झडत्या तपासल्या. अमेरिकेच्याच नागरिक असलेल्या कृष्णवर्णीय बायकांना गोऱ्या बायकांच्या नऊपट प्रमाणात एक्स-रेखाली घातलं जात होतं, आणि त्यांच्याकडे माल सापडायचं प्रमाण मात्र गोऱ्या बायकांच्या निम्म्याहूनही कमी! पुढे कस्टम्सने पद्धत बदलली. माणूस कसा दिसतो यापेक्षा कसा वागतो ते बघायचं, आणि झडतीआधी वरिष्ठाला विचारायचं. झडत्या सुमारे तीन चतुर्थांशांनी घटल्या. माल सापडण्याचं प्रमाण ५ टक्क्यांच्या आत होतं, ते १३ च्या वर गेलं. हे गणित तुमच्या शाळेत शिकवलं नसावं. (हे वाक्य खोडणार होते. राहू दे.)

'भावनेच्या भरात लिहिता' असंही तुम्ही म्हणता. माझे वडील निवृत्त गणिताचे शिक्षक. वय ७४. मला भेटून परत निघाले, तेव्हा रांगेतून त्या दिवशी त्यांना एकट्यालाच बाजूला काढलं. पट्टा काढायला लावला. एका हाताने पँट धरून, दुसरा हात वर करून ते उभे होते, आणि मी दोरीच्या अलीकडून बघत होते. चाळीस मिनिटं. 'रँडम चेक आहे' असं सांगितलं. नंतर फोनवर ते एवढंच म्हणाले, 'रँडम म्हणजे काय हे मी तीस वर्षं शिकवलंय गं.' पुन्हा ते आले नाहीत. तेव्हा 'दहा मिनिटांच्या खोळंब्याचं एवढं काय' हे मला सांगू नका. तुम्ही त्या दोरीच्या कुठल्याच बाजूला उभे राहिलेले दिसत नाही.

'इस्रायल तर असंच करतं' हे उदाहरण दिलंत, ते राहू द्या. १९७२ साली त्यांच्याच लोद विमानतळावर २६ जणांचा जीव घेणारे हल्लेखोर जपानी होते. बघणारे कुणाकडे बघत होते, हे तुम्हीच ठरवा.

'मग पर्याय सांगा' हा तुमचा मुद्दा ठीक आहे, पण तो वेगळ्या लेखाचा विषय. आणि तुमच्या फर्माइशीवर मी लेख लिहीत नाही. 'परत या' याला उत्तर द्यावं असं त्यात काही नाही.