मेलेला वुल्व्हरिन आणि सांगलीची तक्रार

सांगलीत विश्रामबागला राहणारा माझा भाचा आणि त्याचे मित्र सध्या एका मतावर ठाम आहेत: मल्टिव्हर्सनं, म्हणजे एकाच वेळी अनेक समांतर विश्वं असल्याच्या कल्पनेनं, सुपरहिरोंचं वाटोळं केलं. त्यांचा मुद्दा सरळ आहे. २०१७ च्या चित्रपटात वुल्व्हरिन मेला, पोरं थिएटरात रडली, आणि २०२४ मध्ये दुसऱ्या विश्वातला वुल्व्हरिन म्हणून तोच नट परत उभा केला. "मामा, मग आमचं रडणं फुकट गेलं का?" असं तो फोनवर मलाच विचारतो, जणू पटकथा मी लिहिली होती.

मी क्लीव्हलँडला राहतो. जेरी सीगल आणि जो शुस्टर या दोन पोरांनी सुपरमॅन रचला तो याच शहरात. शुस्टरचं घर होतं त्या जागेच्या कुंपणावर १९३८ च्या पहिल्या गोष्टीची पानं मोठी करून लावलेली आहेत. इथे बुधवारी कॉमिक्सचे नवे अंक येतात आणि दुकानात काउंटरपाशी वाद रंगतो. पण मेलेला परत आला याचं तिथे कुणाला काही वाटत नाही, ते अंगवळणी पडलंय. भांडण हिशोबाचं असतं: कुठली घटना कुठल्या पृथ्वीवरची, कुठला अंक धरायचा, कुठला सोडून द्यायचा. सांगलीला मरणाची किंमत हवी, इथल्यांना नोंदवही चोख हवी.

माझं म्हणणं असं की दुसरं विश्व हा दोषच नाही. ते दुसरं ठेवायची हिंमत कंपन्यांना होत नाही, तिथे गाडी घसरते.

सुरुवात छान होती. १९६१ मध्ये 'फ्लॅश'च्या १२३ व्या अंकात नवा फ्लॅश बॅरी ॲलन दुसऱ्या पृथ्वीवर जाऊन जुन्या फ्लॅशला, जे गॅरिकला भेटला. बॅरीनं लहानपणी जेच्या गोष्टी कॉमिक्समध्ये वाचलेल्या, आणि आता तोच माणूस समोर! जुन्या नायकाला मोडीत न काढता नवा उभा करायची ही शक्कल मला अजूनही आवडते. पुढे पृथ्व्या वाढत गेल्या, नव्या वाचकाचा गोंधळ होईल अशी भीती डीसीला, म्हणजे सुपरमॅन आणि फ्लॅश छापणाऱ्या कंपनीला, वाटू लागली, आणि १९८५-८६ मध्ये 'क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स'च्या १२ अंकांत सगळ्या मिळून एकच पृथ्वी उरली. सातव्या अंकाचं मुखपृष्ठ बघा: चुलत बहीण सुपरगर्लचा देह हातांवर घेऊन सुपरमॅन तोंड उघडं टाकून रडतोय, मागे सगळे नायक उभे. आणि मग पुढच्या नव्या इतिहासात सुपरगर्ल कधी झालीच नव्हती, असं ठरवून टाकलं. भावानं इतकं रडावं आणि त्याला बहीण आठवूसुद्धा नये, हे मला मरणापेक्षा वाईट वाटतं. आठव्या अंकात मेलेला बॅरी मात्र २० वर्षांहून जास्त काळ मेलेलाच राहिला. भाच्याच्या मापानं हा प्रामाणिक व्यवहार.

चांगलं पर्यायी विश्व एकच गोष्ट बदलतं आणि मग तिचा भुर्दंड शेवटपर्यंत भरतं. २००३ च्या 'रेड सन'मध्ये सुपरमॅनचं यान अमेरिकेऐवजी युक्रेनमधल्या सामूहिक शेतावर पडतं. बस्स, एवढंच. तीन अंकांत जगाचा नकाशा उलटतो आणि गोष्ट संपते. मराठी वाचकाला हे परकं वाटायचं कारण नाही. 'गंगाधरपंतांचे पानिपत'मध्ये जयंत नारळीकरांनी विश्वासरावांना लागणारी गोळी हुकवली, आणि तेवढ्यावर हिंदुस्थानचा इतिहास फिरला.

याउलट २००४ चा भारतीय स्पायडरमॅन, पवित्र प्रभाकर. मूळ गोष्टीतल्या बेन काकांचे भीम काका, मे काकूची माया काकू, कमरेला धोतर, बाकी गोष्ट जवळपास तीच. पाट्या बदलल्या, गाव तेच राहिलं. आमच्या सांगलीकरांना मात्र त्याचं भारी कौतुक. २०२३ च्या ॲनिमेशनपटातला पवित्र बरा, कारण तिथे त्याला स्वतःचा तोरा आहे.

डीसी आणि तिची प्रतिस्पर्धी मार्व्हल या दोन कंपन्यांच्या नायकांच्या भेटींची, म्हणजे क्रॉसओव्हरची, गंमत निराळी. १९९६ च्या 'मार्व्हल व्हर्सेस डीसी'त पाच झुंजींचा निकाल वाचकांच्या मतांवर लागला. मार्व्हलचा वुल्व्हरिन आणि डीसीचा लोबो बारच्या काउंटरमागे गेले, आपल्याला मारामारी दाखवलीच नाही, आणि वुल्व्हरिन जिंकून वर आला. सांगलीच्या मातीत असली नुरा कुस्ती लावली असती तर लोकांनी मैदान डोक्यावर घेतलं असतं.

पण दोन्ही कंपन्यांच्या नायकांच्या टोळ्या एकत्र आणणारं २००३-०४ चं 'जेएलए/ॲव्हेंजर्स' मी कुणालाही वाचायला देईन. कर्ट ब्यूसिकचं लेखन, जॉर्ज पेरेझची चित्रं, आणि एकेका चौकटीत एवढी गर्दी की भिंग घेऊन बसावं. सुपरमॅन मार्व्हलच्या पृथ्वीवर येतो आणि चिडतो: एवढे शक्तिमान लोक असून जगाची ही दशा, तुम्ही केलंत काय? कॅप्टन अमेरिका डीसीच्या पृथ्वीवर जातो आणि तोही चिडतो: इथे नायकांची संग्रहालयं, लोक पूजा करतात, तुम्ही देव होऊन बसलात की काय? परदेशात राहणाऱ्याला हा संवाद तोंडपाठ असतो. मी सांगलीत उतरलो की पहिल्या तासात रस्त्यांवरून सुपरमॅन होतो. ताई चहा पुढे ठेवते आणि म्हणते, "दादा, तुमच्याकडं शेजाऱ्याचं नाव तरी माहीत असतंय का?" क्रॉसओव्हरचं खरं बळ मारामारीत नाही, यात आहे. एका जगाला दुसऱ्याचे दोष दिसतात आणि दोघंही थोडे खरे बोलतात. नुसतं कोण कुणाला हरवेल एवढंच विचारणाऱ्या अंकात हे सापडत नाही.

२०२२ मध्ये या पुस्तकाच्या फक्त ७,००० प्रती पुन्हा निघाल्या आणि बघता बघता संपल्या, त्यामुळे भाच्याला पाठवणं माझ्या खिशाला झेपणारं नाही. 'रेड सन' पाठवलंय. आता त्याला १९९५ चं 'एज ऑफ अपॉकॅलिप्स' हवंय. त्यात एक्स-मेनच्या, म्हणजे वुल्व्हरिनच्या टोळीच्या, सगळ्या मासिकांची नावं चार महिने बदलून गोष्ट त्यांच्यात वाटून टाकलीय. एकातली चकमक दुसऱ्यात संपते, तिसऱ्यात तिचा नुसता उल्लेख येतो. त्याला म्हटलं, आधी परीक्षा दे, मग बघू.