हेबियस कॉर्पस आणि इंग्रजांचं ऋण: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका,

तुम्ही सविस्तर लिहिलंत, म्हणून उत्तरही जरा सविस्तर देतो. हेबियस कॉर्पस म्हणजे कोंडलेल्या माणसाला कोर्टापुढे हजर करा आणि का कोंडलंय ते सांगा, असा कोर्टाचा हुकूम. ‘हेबियस कॉर्पस हे मुळात राजाच्या हातातलं हत्यार होतं’ या माझ्या लेखातल्या वाक्यावर तुमचा आक्षेप आहे. १२१५च्या मॅग्ना कार्टाने, म्हणजे इंग्लंडच्या राजाने मान्य केलेल्या सनदेने, हा हक्क प्रजेला दिला आणि इंग्रजांनी तो आपल्याला आयता आणून दिला, निदान त्याचं ऋण तरी माना, असं तुमचं म्हणणं. मला दोन्ही मुद्दे पटत नाहीत.

मॅग्ना कार्टाचं ३९वं कलम काढून बघा. बरोबरीच्या लोकांचा निवाडा किंवा देशाचा कायदा यांच्याशिवाय स्वतंत्र माणसाला पकडू नये, एवढं त्यात आहे. हेबियस कॉर्पसचं नावही नाही. हे लॅटिन शब्द त्या काळात येतात ते साध्या हुकूमनाम्यांत: अमक्याला घेऊन ये, कोर्टापुढे उभा कर. प्रतिवादी टाळाटाळ करू लागला की असा हुकूम निघायचा. माणसाला सोडवण्याशी त्याचा संबंध नव्हता. पुढे किंग्ज बेंच हे राजाचं न्यायालय तोच हुकूम खालच्या कोर्टांना आणि तुरुंगांना धाडू लागलं. माझ्या प्रजेतल्या माणसाला का अडकवलंय, ते कळवा! विचारणारा राजा होता, म्हणून खुद्द राजानेच कोंडलं तर काय, इथे घोडं अडलं. १६२७मध्ये पहिल्या चार्ल्सला सक्तीचं कर्ज नाकारणाऱ्या पाच सरदारांसाठी हेबियस कॉर्पस निघालं. तुरुंगाने उत्तर दिलं, ‘महाराजांच्या खास हुकमावरून’, आणि न्यायाधीशांनी पाचही जणांना परत कोठडीत धाडलं. या हुकमाला धार आली ती पार्लमेंटने राजाशी भांडून केलेल्या कायद्यांनी. १६७९च्या कायद्यात मुदती आल्या: तुरुंग २० मैलांच्या आत असेल तर ३ दिवसांत कैदी हजर करा, नाहीतर तुरुंगाधिकाऱ्याला १०० पौंड दंड.

आता ‘आयता आणून दिला’ याबद्दल. १८२८मध्ये पुण्यात मोरो रघुनाथ नावाचा मुलगा पांडुरंग रामचंद्र या नात्यातल्याच वडीलधाऱ्यांच्या ताब्यात होता. त्याला डांबून ठेवल्याची तक्रार मुंबईच्या तेव्हाच्या सुप्रीम कोर्टात गेली आणि कोर्टाने पांडुरंग रामचंद्रांच्या नावे हेबियस कॉर्पस काढलं. ठाण्याच्या तुरुंगातल्या बापू गणेश या कैद्यासाठीही काढलं. गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी पुण्यात ते बजावूच दिलं नाही. तीन न्यायाधीशांपैकी एडवर्ड वेस्ट आणि चार्ल्स चेंबर्स त्याच वर्षी वारले. उरलेले जॉन पीटर ग्रँट एकटे पडले, पण हटले नाहीत. कोर्टाचा हुकूम पाळला जात नाही म्हणून एप्रिल १८२९मध्ये त्यांनी कोर्टाचं कामकाजच बंद केलं. तिकडे लंडनमध्ये हिंदुस्थानचा कारभार बघणारे लॉर्ड एलनबरो माल्कमना लिहीत होते की नवे दोन न्यायाधीश आले की ग्रँटची गत दोन माणसाळलेल्या हत्तींमधल्या रानहत्तीसारखी होईल. प्रिव्ही कौन्सिल या लंडनमधल्या वरच्या अपील कोर्टानेही कौल ग्रँट यांच्या विरुद्धच दिला. पुण्यात राहणाऱ्या एतद्देशीय माणसाला किंवा कंपनीच्या देशी कोर्टांच्या तुरुंगाधिकाऱ्याला असा हुकूम पाठवायचा अधिकार मुंबईच्या कोर्टाला नाही, असं ठरलं.

ग्रँट यांचं ऋण मी मनापासून मानतो. पण ज्या सत्तेने त्यांचा हुकूम अडवला, तिचं ऋण कसलं मानायचं?

राज्यघटनेने ३२ आणि २२६ या कलमांत हा हुकूम ‘देहोपस्थिती’ म्हणून आपल्या न्यायालयांच्या हाती दिला. तरी १६२७चा पेच १९७५-७७च्या आणीबाणीत पुन्हा आला: सरकारनेच कोंडलेल्या कैद्यांनी हेबियस कॉर्पस मागितलं तर कोर्टाने ऐकायचं का? कोणी पोलीस निव्वळ वैरापोटी एखाद्याचा जीव घेईल, तेव्हाही दाद मागता येणार नाही का, असं न्या. हंसराज खन्ना यांनी सरकारी वकिलांना विचारलं. माझा युक्तिवाद धरला तर आणीबाणी असेपर्यंत नाही, असं ते वकील, ॲटर्नी जनरल नीरेन डे यांनी भर कोर्टात सांगितलं. ९ उच्च न्यायालयांनी कैद्यांचं म्हणणं ऐकून घ्यायचं ठरवलं होतं, तरी २८ एप्रिल १९७६ला सर्वोच्च न्यायालयात चार विरुद्ध एक मतांनी सरकार जिंकलं. तो एक म्हणजे खन्ना. जगण्याच्या हक्कासाठी कोर्टाची दारं आणीबाणीतही बंद करता येऊ नयेत, ही तरतूद यायला १९७८ची ४४वी घटनादुरुस्ती लागली. १९७६चा तो निकाल रद्द ठरायला तर २०१७ उजाडलं.

त्यामुळे लेखातलं ते वाक्य मी तसंच ठेवतो आहे. मोरो रघुनाथाची हकिकत मात्र त्याच्याखाली जोडतो, ती मूळ लेखातच यायला हवी.