टॅलेंटला रॅम्प लागतो

गेले काही दिवस सांगली-मिरजेच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. कीबोर्ड वाजवणाऱ्या एका अंध मुलाचा व्हिडिओ आणि खाली मजकूर: ‘देव एक काढून घेतो तेव्हा दुसरं दुप्पट देतो. डोळे नाहीत म्हणूनच यांचे कान तयार! ऐकूच येत नाही त्याला मात्र संगीत नाही, हे कटू सत्य. अपंगत्वावर मात करतो तोच खरा कलाकार. टॅलेंटला रॅम्प लागत नाही!’ पाठवणाऱ्यांच्या मनात माया आहे, याबद्दल मला शंका नाही. पण हा मजकूर चुकीचा आहे, आणि मिरजेसारख्या गाण्याच्या गावातून तरी तो तसाच पुढे जाऊ नये.

आधी ते ‘दुप्पट’ घेऊ. अगदी लहानपणी दृष्टी गेलेल्या संगीतकारांत स्वर नेमका ओळखण्याची क्षमता जास्त आढळते, असं संशोधन आहे. ते मान्य. पण कान तयार होतो तो शिकून आणि रियाज करून. कर्नाटकातल्या गदगचा वीरेश्वर पुण्याश्रम बघा. तिथले गायक-गुरू पंचाक्षरी गवई अंध होते, त्यांचे शिष्य पुट्टराज गवईही अंध. अंध आणि गरीब मुलांना राहायला-जेवायला मिळेल आणि गाणं शिकता येईल, अशी जागा तिथे उभी राहिली. पुट्टराजांना २०१० साली पद्मभूषण मिळालं. हे सगळं देवाच्या खात्यावर टाकलं, की गुरूंची शिकवण आणि मुलांची वर्षानुवर्षांची मेहनत दोन्ही पुसली जातात. आणि ज्या अंध मुलाला गाता येत नाही, त्याने काय करायचं? त्याच्या वाट्याचं दुप्पट कुठे गेलं?

‘ऐकू येत नाही त्याला संगीत नाही’ हे वाक्य मला सगळ्यात जास्त खुपलं. एव्हलिन ग्लेनी ही स्कॉटिश तालवादक बाराव्या वर्षापर्यंत जवळजवळ पूर्ण बहिरी झाली होती. शाळेतल्या शिक्षकांनी तिला टिंपनीचे, म्हणजे नगाऱ्यासारख्या मोठ्या पाश्चात्त्य वाद्याचे, सूर लावताना हात भिंतीवर टेकवायला सांगितलं. खालचे सूर पायांत आणि वरचे चेहऱ्या-मानेपाशी जाणवतात, हे तिला हळूहळू उमगत गेलं. म्हणून ती अनवाणी वाजवते. एकट्या तालवाद्यावर पूर्णवेळ मैफली करण्याची वाट तिनेच रुळवली, आणि तिच्यासाठी संगीतकारांनी कितीतरी नव्या रचना लिहिल्या.

यात आपल्याला परकं वाटावं असं काही नाही. मिरजेत सतारमेकरांच्या एका दुकानात मी ओळखीच्या एका विद्यार्थ्याबरोबर गेलो होतो. तो अंध आहे आणि त्याला एका कानाने कमी ऐकू येतं. कारागीर तंबोऱ्याची घोडी कानशीने हलकेच घासायचे, दोरा सरकवायचे, तार छेडून बघायचे. हा मुलगा एक तळवा भोपळ्यावर आणि हनुवटी दांडीवर टेकवून बसला होता. मधेच म्हणाला, ‘काका, खर्ज अजून बंद आहे.’ म्हणजे खालच्या षड्जाच्या तारेचा नाद अजून खुललेला नाही. काकांनी पुन्हा छेडून पाहिली, मान हलवली आणि कानस उचलली. जवारीचं, म्हणजे घोडी घासून तारेचा नाद खुलवण्याचं, काम पिढ्यानपिढ्या करणाऱ्या माणसाने त्या मुलाच्या हनुवटीवर विश्वास ठेवला. संगीत फक्त कानात असतं, असं त्या दुकानात कोणी म्हणणार नाही.

आता ‘मात’. या शब्दाने अपंगत्व एका बाजूला, कला दुसऱ्या बाजूला आणि मधे लढाई असं चित्र उभं राहतं. प्रत्यक्षात अनेकदा अपंगत्व थेट रचनेत उतरलेलं असतं. पॉल विटगेनस्टाइन या पियानोवादकाचा उजवा हात पहिल्या महायुद्धात गेला. त्याने फक्त डाव्या हातासाठी रचना मागितल्या, आणि फ्रेंच संगीतकार मोरिस रावेलने १९२९-३० मध्ये डाव्या हाताचा कॉन्चेर्तो, म्हणजे वाद्यवृंदासह वाजवायची मोठी रचना, लिहिला. त्यात अंगठा वरची धून धरतो आणि उरलेली चार बोटं खालचा सगळा डोलारा सांभाळतात. दोन हातांची सवय असलेल्या कानाला एकच हात वाजवतोय हे पटत नाही. दोन्ही हात धड असलेले पियानोवादकही ती रचना आज वाजवतात. ती कुणाची उणीव भरून काढायला नव्हे, तर रचना म्हणून थोर आहे म्हणून.

जॅझ गिटारवादक जँगो राइनहार्टच्या डाव्या हाताची अनामिका आणि करंगळी १९२८ च्या आगीत आखडली. मग त्याने गिटारच्या पट्टीवर दोन बोटांनी लांब धावणारी चाल बसवली, आणि पाचही बोटं शाबूत असलेले वादक पुढे तिच्याच मागे लागले. मॉली जॉइस ही आजची अमेरिकन संगीतकार. लहानपणच्या अपघातात तिचा डावा हात जायबंदी झाला. तिला सापडला एक जुना खेळण्यातला ऑर्गन, ज्यात डावीकडे कॉर्डची (एकदम वाजणाऱ्या स्वरांच्या जुळणीची) बटणं आणि उजवीकडे पट्ट्या असतात. वाद्य हाताला जुळलं आणि तिच्या संगीताला नवी वाट मिळाली. अपंगत्व हा सर्जनाचा स्रोत आहे, असं ती स्वतः म्हणते.

आपल्याकडचं उदाहरण तर घरचंच आहे. विष्णु दिगंबर पलुसकर, जन्म १८७२, कुरुंदवाड. लहानपणी फटाक्याने डोळ्यांना इजा झाली, शाळेचं शिक्षण अवघड झालं, आणि मुलगा मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं शिकायला आला. डोळे चांगले असते तर तो या वाटेला आला असता का, सांगता येत नाही. पण पुढे १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढणारा, स्वरलिपी बसवून गाणं पुस्तकात आणणारा माणूस तोच. त्यांची थोरवी ‘डोळे अधू असूनही’ या तीन शब्दांत सांगणं मला अपुरं वाटतं.

याचा अर्थ अपंगत्व हे वरदान आहे असाही नाही. दुखतं, खर्च होतो, एकटं पडायला होतं. त्या दुखण्यातून आपोआप राग जन्माला येत नाही. माझं म्हणणं एवढंच, की निराळ्या शरीरातून निराळं संगीत निघू शकतं, आणि ते ऐकताना ‘बिचारा’ आणि ‘धन्य’ यांच्या पलीकडे जाऊन वाजवलं काय, हे बघावं.

राहिला रॅम्प. तो लागतो! आपल्या जिल्ह्यातल्या एका सभागृहात व्हीलचेअरवरच्या एका गायिकेला चौघांनी उचलून स्टेजवर ठेवलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि ती मात्र पहिला षड्ज लावेपर्यंत अवघडून बसली होती. ब्रेल लिपीचा जनक लुई ब्रेल स्वतः ऑर्गन वाजवायचा. १८२९ च्या त्याच्या पहिल्याच पुस्तकात शब्दांबरोबर संगीत लिहिण्याची पद्धतही आहे, म्हणजे सोय आणि कला सुरुवातीपासून एकत्रच होत्या. यंदा नवरात्रात किंवा उरुसात मैफल ठरवणाऱ्यांनी मंडप घालतानाच स्टेजच्या बाजूला चढ बांधायला सांगावा, तोही आर्टिस्ट कोण येणार हे ठरण्याआधी. क्लास चालवणाऱ्यांनी पाठाच्या वहीबरोबर तोच पाठ मोबाइलवर रेकॉर्ड करून द्यावा. आणि तो मेसेज पुन्हा आला, तर पुढे पाठवण्याआधी त्या मुलाने वाजवलेली चीज शेवटपर्यंत ऐकून ती कोणत्या रागातली आहे हे तेवढं लिहावं.