‘इंजिन चालू होतं, मग उडवलं का नाही?’ या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार साहेब,

आभाळ स्वच्छ, इंजिन चालू, तरी धावपट्टीच्या तोंडाशी जाऊन विमान परत फिरवलं. ‘गाडीचा एक प्लग गेला तरी ती घरी पोचतेच की’, असं तुम्ही लिहिलंय. चिपी विमानतळावरून मालवणची फेरी हुकली, पोरं हिरमुसली, राग येणारच. पैसे पूर्ण परत केलेत. प्लगचं मात्र सविस्तर सांगतो.

आमच्या सेस्ना १७२ एस विमानाला चार सिलिंडर, प्रत्येकाला दोन प्लग, आणि ठिणगी देणारे दोन स्वतंत्र मॅग्नेटो. उडण्याआधी १८०० आरपीएमला (इंजिनाचे मिनिटाला फेरे) एकेक मॅग्नेटो आळीपाळीने बंद करून बघतात. एकाच प्लगवर इंधन सावकाश जळतं, म्हणून आरपीएम थोडे उतरतातच. पण १५० पेक्षा जास्त उतरता कामा नयेत, आणि दोन्हींतला फरक ५० च्या आत हवा. (अजिबात उतरले नाहीत तर आम्ही जास्त घाबरतो. मॅग्नेटो बंद करणारी अर्थिंगची तार तुटलेली असू शकते. मग चावी बंद असतानाही कुणी पंखा हाताने फिरवला तर इंजिन उसळी मारतं.) त्या दिवशी डाव्यावर ७० उतरले, उजव्यावर १८०, वर इंजिन थडथडत होतं.

तुम्हाला ‘उगाच रेस’ वाटली ती प्लगवरची काजळी जाळायची खटपट होती: मिक्स्चर पातळ करून (हवेच्या मानाने इंधन कमी करून) मिनिटभर २००० आरपीएम. साधी काजळी त्यात जाते. आकडा हलला नाही, म्हणून परत फिरलो.

नंतर नुसत्या उजव्या मॅग्नेटोवर इंजिन थोडं चालवून बंद केलं, तर तिसऱ्या सिलिंडरचा एक्झॉस्ट इतरांपेक्षा थंड, म्हणजे त्यात इंधन नीट जळत नव्हतं. त्याच्या खालच्या प्लगच्या सिरॅमिकला तडा होता. असा प्लग नुसता गप्प बसेल याची खात्री नसते. तडकलेला भाग लालबुंद तापला तर इंधन वेळेआधी पेटतं, आणि टेकऑफच्या पूर्ण ताकदीवर पिस्टनला भोक पडू शकतं. गाडी कडेला घेता येते. इथे इंजिन एकच. हजार फुटांवर बंद पडलं तर तरंगत जेमतेम पावणेतीन किलोमीटर जाता येतं, आणि निवतीकडे खाली खडक नाहीतर पाणी.

प्लग बदलणं किरकोळ काम. पण इंजिनिअरची सही आणि पुन्हा रन-अप (उडण्याआधीची हीच इंजिन तपासणी) झाल्याशिवाय आम्ही प्रवासी घेत नाही.

परत आलात तर सकाळची वेळ घ्या, दुपारी खारा वारा सुटला की कातळाच्या सड्यावर धक्के बसतात. आणि तिघांची वजनं बुकिंगलाच कळवा, इंधन त्यावर ठरतं.