अडतं ते उन्हावर नाही, दिवसाच्या लांबीवर

हॉप्सवरच्या तुमच्या लेखात म्हटलंय की गोव्यात ऊन भरपूर, म्हणून हॉप्स (बिअरला कडवटपणा आणि वास देणारा वेल) कुंडीत सहज येतील. मी फोंड्यात तीन वर्षं लावतोय. उष्मा हा वेल बऱ्यापैकी सोसतो. पण आपला जूनमधला सर्वांत मोठा दिवसही १३ तासांच्या आसपास, त्यामुळे तो कमरेएवढा होतो न होतो तोच फुलावर येतो आणि वाढ खुंटते. थंड देशांत उन्हाळ्यातला दिवस बराच मोठा, म्हणून तिथे तोच ५-६ मीटर चढतो. भारतात हॉप्स हिमाचलमधल्या लाहौलमध्ये पिकतात, ते थंड हवेबरोबर यामुळेही.

म्हणून दिवस लांबवायला यंदा डिसेंबरपासून रोज रात्री दहापर्यंत बाल्कनीत साधा एलईडी दिवा लावून ठेवला. वेल काथ्याच्या सुंभावरून सरसर छपरापर्यंत गेला. मार्चच्या मध्याला दिवा बंद केला, आणि मेअखेर बोंडं (बिअरमध्ये घालतात ती हीच फुलं) हाताला कागदासारखी लागायला लागली. एक चिरडलं तर पाकळ्यांच्या बुडाशी पिवळी, चिकट पूड, आणि वास थेट मोसंबीच्या सालीचा! (रोप मादीच हवं, बोंडं तिलाच येतात.)

पावसाळ्यात कुंडी छपराखाली घ्या. पहिलं रोप मी अंगणात ठेवलं होतं, जुलैत मुळं कुजून गेलं.

दिव्याचं तेवढं लेखात जरूर घाला. लोक महागाचं रोप मागवतात, ते खुरटलं की गोव्याच्या हवेला दोष देऊन उपटून टाकतात.